जॉइन होऊन दोन महिने पण झाले नाहीत आणि दुसरी चांगली ऑफर आली: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बारा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे, आधी महापे, मग ऐरोली आणि आता वागळे इस्टेट. दर दिवाळीनंतर आणि अप्रेझलच्या सीझनला मला ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई आत्ताच जॉइन झालोय आणि आता दुसरीकडून ऑफर आलीय, काय करू. प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतेय. माझी मतं आहेत त्यात, पण आकडे आणि नियम बघून लिहिलेत.

इतक्या लवकर सोडणं चुकीचं आहे का?

नाही. कंपनीला तुम्ही फसवत नाही आहात, प्रोबेशन दोघांसाठी असतं, त्यांना तुम्ही नाही आवडलात तर ते पण पंधरा दिवसांची नोटिस देऊन मोकळे होतात की. पण एक आहे, तुमच्यासाठी कुणीतरी ती पोझिशन बंद केली, बाकीच्या कँडिडेट्सना नाही म्हणून सांगितलं, कुणीतरी शेजारी बसवून तुम्हाला काम शिकवलं. त्याचं ओझं वाटतंय तर ते खरंच आहे, वाटायलाच पाहिजे. फक्त त्या ओझ्यापायी तीन वर्षं नको त्या ठिकाणी काढू नका. ते ओझं नीट निघून हलकं करता येतं, कसं ते खाली सांगते.

पगार जास्त आहे म्हणजे ऑफर चांगलीच ना?

इथे थांबा आणि कागद पेन घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, फोनवर एचआर सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगते आणि आपण त्याला बाराने भागून मोकळे होतो.

एक उदाहरण करून बघू. समजा आत्ता सीटीसी ९ लाख आहे, सगळा फिक्स्ड, बेसिक त्याच्या निम्मा म्हणजे साडेचार लाख. त्यातून कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे ५४ हजार आणि ग्रॅच्युइटी (ही बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात) साधारण २१,६०० हे आधीच सीटीसीत मोजलेलं असतं, ते बाजूला काढा. मग तुमचा स्वतःचा पीएफ ५४ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स वर्षाचे २,५०० कापा. नवीन टॅक्स रिजीममध्ये इन्कम टॅक्स शून्य. हातात महिन्याला साधारण ६४ हजार.

आता नवीन ऑफर ११.५ लाखाची. ऐकायला अडीच लाखाची उडी. पण ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडा, त्यात १५ टक्के व्हेरिएबल (पगाराचा न ठरलेला भाग) आहे म्हणजे १,७२,५०० रुपये वर्षाच्या शेवटी, तेही कंपनीचा आणि तुमचा परफॉर्मन्स बघून. मेडिक्लेमचा २० हजार प्रीमियम पण सीटीसीतच टाकलाय. बेसिक पावणेसहा लाख, त्यावर दोन्ही बाजूंचा पीएफ ६९-६९ हजार, ग्रॅच्युइटी साधारण २७,६५०. सगळं वजा केलं की हातात येतात महिन्याला ६५,८०० च्या आसपास.

म्हणजे सीटीसी अडीच लाखांनी वाढला आणि दर महिन्याला हातात वाढले साधारण १,८०० रुपये. पीएफ मध्ये वर्षाला तीस हजार जास्त जातात ते तुमचेच आहेत हे मान्य, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर मजा आहे, पण ईएमआय दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि व्हेरिएबल एकदा कधीतरी येतं. म्हणून एचआरला सरळ विचारा की गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं आणि कोणत्या महिन्यात दिलं. आणि सॅलरीचा पूर्ण ब्रेकअप मेलवर मागा. दोन्हीपैकी एकाला जरी टाळाटाळ केली तर मला तिथेच शंका येते.

प्रवासाचं किती मनावर घ्यायचं? तरुण वयात थोडा त्रास चालतो ना?

मी म्हणेन सगळ्यात जास्त मनावर घ्या, ठाण्याच्या माणसाने तर नक्कीच. वरचंच उदाहरण घ्या. आत्ताचं ऑफिस घणसोलीला आहे, ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने दिघा, ऐरोली, रबाळे आणि घणसोली, पाव तासाच्या आसपास लागतो, सकाळी गर्दी असते पण निदान आत शिरता येतं. नवीन ऑफिस बीकेसीला, म्हणजे वांद्रे कुर्ला संकुलात. म्हणजे ठाण्याहून फास्ट पकडून कुर्ला, मग कुर्ल्याला बाहेर पडून रिक्षाची किंवा बसची लाइन, पावसात तर विचारूच नका. आणि घर कासारवडवलीला असेल तर स्टेशनला पोचायच्या आधी घोडबंदर रोड आहेच.

समजा जाताना एक तास आणि येताना एक तास जास्त लागला. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ४४ तास. म्हणजे नऊ तासांचे जवळपास पाच दिवस तुम्ही दर महिन्याला फक्त जास्तीच्या प्रवासात घालवणार, आणि त्याचे वाढले १,८०० रुपये, तासाला चाळीसेक रुपये झाले. त्यातून रिक्षाचे पैसे पण जायचेत.

उलटं पण होतं हां. माझ्या ओळखीतली एक मुलगी नेरूळला राहते, ती अंधेरीची नोकरी अडीच महिन्यांत सोडून बेलापूरला आली, पगार जवळपास तेवढाच, आणि माझ्या मते तिने घेतलेला तो सगळ्यात चांगला निर्णय होता कारण ती आता सात वाजता घरी असते आणि तिच्या लहान मुलीला झोपायच्या आधी भेटते. ऑफरमध्ये हायब्रिड लिहिलं असेल तर किती दिवस ते आकड्यात लिहून घ्या. गाडीने जाणाऱ्यांसाठी, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पण अटल सेतूवरून जायचं असेल तर तो टोल हिशोबात धरा, रोजचा असला की बराच होतो.

आणि हो म्हणायच्या आधी एकदा वर्किंग डेला सकाळी आठ वाजता घरातून निघून त्या ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन या. मॅपवर रात्री अकराला बघून ठरवू नका.

आत्ताचा मॅनेजर चांगला आहे पण पैसे कमी आहेत, मग?

काम शिकवणारा मॅनेजर करिअरच्या पहिल्या पाच सहा वर्षांत मिळाला तर मी २० टक्के हाइकसाठी त्याला सोडणार नाही. ४० टक्के असेल, खरोखर हातात येणारे, तर विचार करेन. यात नियम नाही, हे माझं मत.

निदान सहा महिने काढून मग जाऊ का, बरं दिसेल?

बरं अजिबात दिसणार नाही, उलट जास्त त्रास होईल सगळ्यांना. पहिल्या तीन चार आठवड्यांत गेलात तर कंपनीकडे दुसऱ्या नंबरच्या कँडिडेटचा फोन नंबर अजून ताजा असतो, तो बऱ्याचदा हो पण म्हणतो. सहाव्या महिन्यात तुमचं ट्रेनिंग झालेलं असतं, क्लायंट तुमच्या नावाने मेल करायला लागलेला असतो, आणि त्यात तुम्ही जाता. सीव्हीवर पण सहा महिने हे दोन महिन्यांपेक्षा काही फार चांगलं दिसत नाही. जायचं मनात पक्कं असेल तर आत्ता जा, आणि राहायचं असेल तर निदान दीड दोन वर्षं मन लावून राहा. अधेमधे लटकणं सगळ्यात वाईट.

ऑफर आलीय, राजीनामा टाकू का?

फोनवर आलीय की कागदावर? फोनवरची ऑफर म्हणजे ऑफर नाही. लेटर पाहिजे, त्यात पद, ब्रेकअप, जॉइनिंगची तारीख आणि कामाचं ठिकाण पाहिजे, आणि ते लेटर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवर अवलंबून आहे का ते बघा, असेल तर व्हेरिफिकेशन कधी होणार ते विचारा. लेटर देऊन जॉइनिंग पुढे पुढे ढकलणारे आणि मग गायब होणारे लोक मी बघितलेत, तोपर्यंत इकडे पेपर टाकून झालेले असतात आणि माणूस दोन्हीकडून जातो. आणि लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी म्हणून आधी पैसे मागितले तर ती कंपनीच नाही, फ्रॉड आहे, फोन ठेवा.

प्रोबेशनमध्ये नोटिस किती द्यावी लागते?

तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये असेल तेवढी. पंधरा दिवस किंवा महिना असं बऱ्याच ठिकाणी असतं, कन्फर्म झाल्यावर ते ६० किंवा ९० होतं, म्हणून पण म्हणते की जायचं तर कन्फर्मेशनच्या आधी. नोटिस भरायची नसेल तर पैसे भरून सुटता येतं का आणि ते बेसिकवर की ग्रॉसवर हे लेटरमध्ये वाचा, फरक मोठा असतो. कधी कधी नवीन कंपनी ते पैसे देते, विचारायला लाजू नका. नोटिसच्या पैशांवर जीएसटी लावतोय असं कुणी म्हणालं तर सांगा की ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरने तो लागत नाही हे स्पष्ट झालंय.

बाँड सही केलाय. अडकलो का?

बाँडमुळे, म्हणजे इतके दिवस सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरेन अशा करारामुळे, तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही, कोर्ट तसा हुकूम देत नाही. पैशांचा प्रश्न मात्र येतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चा आहे, त्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमध्ये लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढीच नुकसानभरपाई मिळते. पण बाँड म्हणजे नुसता कागद, काही होत नाही, असं जे मित्र सांगतात ते ऐकू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, भरतीची मोठी प्रक्रिया असते त्यांची, तुमच्या कंपनीचं तसंच असेल असं नाही, पण सही करताना आणि सोडताना दोन्ही वेळा हे डोक्यात ठेवा.

काँपिटिटरकडे जायचं नाही या अटीबद्दल पण खूप विचारतात. नोकरी सोडल्यानंतरच्या काळासाठी ती अट कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण ठरलेली मुदत संपायच्या आतच गेलात तर गोष्ट वेगळी. आपल्या जवळचीच केस आहे, सेंच्युरीच्या कल्याणच्या कारखान्यातला एक सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होता, तो मधेच जास्त पगारावर कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला आणि १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती दुसरीकडे असं काम करायची त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. म्हणजे साठ वर्षांपूर्वी पण हाच प्रश्न होता लोकांना! तुमच्या लेटरमध्ये ठराविक मुदतीचा करार असेल तर अर्धा तास वकिलाला दाखवा. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, कधीच.

जॉइनिंग बोनस परत द्यावा लागेल का?

बहुतेक हो, वर्षाच्या आत सोडलं तर परत अशी अट असते. यातली गोम अशी की तुमच्या खात्यात टीडीएस कापून आलेला असतो आणि कंपनी परत मागते पूर्ण रक्कम. एक लाख म्हणून सत्तर आले आणि लाख परत मागितले असं होतं. त्याच आर्थिक वर्षात असाल तर पेरोलला सांगा की पगारात ॲडजस्ट करून टॅक्स पण दुरुस्त करा. वर्ष उलटलं की खूप कटकट होते.

सरळ जाणं बंद केलं तर? काय करतील?

हे मी केलंय, म्हणून सांगते. महापेची माझी पहिली नोकरी, सातव्या आठवड्यात दुसरीकडून बोलावलं, आणि मॅनेजरशी बोलायची हिंमत झाली नाही म्हणून मी सोमवारपासून गेलेच नाही, फोन पण उचलले नाहीत. चूक पूर्ण माझी होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने माझं काम तिच्या कामासकट तीन आठवडे ओढलं, तिच्या घरी तेव्हा आजारपण होतं हे मला नंतर कळलं. रेकॉर्डवर ॲबस्कॉन्डिंग (न सांगता गायब) असा शिक्का लागला, रिलीव्हिंग लेटर मिळायला चार महिने खेटे घातले. आज मी दुसऱ्या बाजूला बसते आणि कुणी असं केलं की टीमचे चेहरे बघते, म्हणून हात जोडून सांगते, काहीही करा पण असं करू नका. दहा मिनिटं अवघड बोलणं असतं फक्त.

दोन महिन्यांची नोकरी सीव्हीवर लपवू का?

पीएफ कापला गेला असेल तर यूएएनवर (सगळ्या नोकऱ्यांसाठीचा तुमचा एकच पीएफ नंबर) ती दिसतेच, व्हेरिफिकेशनवाले तिथेच बघतात. सीव्हीवर ठळक लिहू नका वाटल्यास, पण फॉर्ममध्ये विचारलं तर खरं सांगा. लहान नोकरी असण्यावरून मी कुणाला नाकारलं नाही, लपवण्यावरून नाकारलंय.

पीएफ आणि टॅक्सचं काय करायचं?

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, यूएएन एकच ठेवा, पाच वर्षं सलग सर्व्हिसच्या आत काढला तर टॅक्स लागतो. जुन्या कंपनीने डेट ऑफ एग्झिट टाकली का बघा, नसेल टाकली तर शेवटच्या काँट्रिब्युशननंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढू देऊ नका.

टॅक्समध्ये मात्र खरी गंमत जूनमध्ये कळते आणि तेव्हा रडू येतं. समजा वर्षात एका कंपनीकडून ६ लाख आणि दुसरीकडून ८ लाख मिळाले. दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही, दोघांनाही वाटतं १२ लाखांच्या आत आहे, टॅक्स शून्य. पण बेरीज १४ लाख झाली, ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १३.२५ लाख, त्यावर २०२५-२६ च्या दराने सेससकट ८१,९०० रुपये होतात, वर व्याज. म्हणून नवीन कंपनीत पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराचं डिक्लेरेशन द्या म्हणजे टॅक्स हप्त्या हप्त्याने कापला जाईल.

आणि निदान एका महिन्याचा खर्च बाजूला ठेवूनच निघा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं असं आहे, पण फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला, महिना दीड महिना लागताना मी स्वतः बघितलंय.

आईबाबा माझ्या मेडिक्लेममध्ये आहेत / बाळाचं प्लॅनिंग आहे

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो हे धरूनच चाला. नवीन ठिकाणी आईवडील कव्हर आहेत का आणि आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून का, हे दोन प्रश्न लेखी विचारा, बाबांची अँजिओग्राफी पुढच्या महिन्यात असेल तर जॉइनिंगची तारीख त्याप्रमाणे ठरवा.

बाळाच्या बाबतीत कायदा असा आहे की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ८० दिवस काम झालेलं पाहिजे, तर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते (पहिल्या दोन मुलांसाठी). हे ८० दिवस नव्या ठिकाणी परत शून्यापासून मोजायचे, तेव्हा कॅलेंडर घेऊन बसा. याबद्दल बायका विचारायला घाबरतात म्हणून मुद्दाम लिहितेय.

राजीनामा दिला आणि यांनीच पगार वाढवून दिला तर?

दोन महिन्यांच्या माणसाला काउंटर ऑफर आली तर मला तरी ती घ्यावीशी वाटणार नाही. नवीन कंपनीला हो म्हणून झालेलं असतं, दोन शब्द मोडायचे एका महिन्यात.

घरचे म्हणतात ही धरसोड आहे

माझे बाबा ठाण्यातल्या एकाच कारखान्यात ३१ वर्षं होते, तेव्हा नोकरी म्हणजे पेन्शन, क्वार्टर, दिवाळीचा बोनस, सगळं एका गेटच्या आत. त्यांना ही भाषा कळत नाही यात त्यांची चूक नाही. त्यांना सीटीसी सांगू नका, हातात किती येणार, घरी किती वाजता येणार आणि मेडिक्लेममध्ये ते आहेत का एवढं सांगा. पण तिसऱ्यांदा असं होत असेल, म्हणजे दोन वर्षांत तीन नोकऱ्या, तर घरचे बरोबर आहेत, मग प्रश्न नोकरीचा नाही, नोकरी निवडताना तुम्ही काय बघत नाही याचा आहे.

सरांना सांगू कसं?

समोर बसून, मेलच्या आधी. शुक्रवारी संध्याकाळी नको, आठवड्याच्या मधे सकाळी. एवढंच म्हणा: "सर, मला दुसरीकडे ऑफर आलीय आणि मी ती घ्यायचं ठरवलंय. इतक्या लवकर हे सांगताना मला वाईट वाटतंय, तुम्ही माझ्यावर वेळ घालवलात. नोटिस पूर्ण करेन, आणि माझ्याकडे जे जे आहे त्याची यादी मी करून आणलीय." कंपनीची उणीदुणी काढू नका, खोटं आजारपण सांगू नका, आईच्या तब्येतीचं कारण तर अजिबात नको. ते चिडतील, चिडू दे, तो त्यांचा हक्क आहे. नवीन कंपनीचं नाव सांगायचं बंधन नाही. आणि ती यादी खरंच करून न्या, कोणतं काम कुठपर्यंत आलंय, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कुणाला फोन करायचा राहिलाय, एक पानभर पुरतं, त्याची एक कॉपी शेजारी बसणाऱ्याला पण द्या कारण उद्यापासून ते काम त्याच्याकडे जाणार आहे.